माझे टॉन्सिल आणि पल्लवीची सोयरीक

टॉन्सिल फक्त लहान मुलांना असतात, अशी एकोडीतल्या माझ्या सासुरवाडीची पक्की समजूत आहे. दुधाच्या दातांसारखे ते पुढे आपोआप पडून जातात, असं सासूबाईंचं म्हणणं. (कुठे पडतात, हे त्यांनी कधी सांगितलेलं नाही.) मी चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, जवाहरनगरच्या फॅक्टरीत सुपरवायझर, डोक्यावर केस मोजकेच. अशा माणसाला टॉन्सिल झाले म्हणणं आणि त्याला पाळण्यात घालून झोके देणं, त्यांच्या लेखी सारखंच.

आधी माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून टाकतो. मी बोलतो. बोलतात सगळेच, मी थांबत नाही. फॅक्टरीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा सगळ्यात शेवटी भरते. बायको वर्षा म्हणते, तुम्ही झोपेतही समोरच्याचं वाक्य तोडता. मला स्वतःला हा गुण वाटतो. माणसाने मोकळं असावं, मनात काही ठेवू नये!

माझ्या मेहुणीचं, पल्लवीचं मत मात्र वेगळं होतं, आणि त्याला कारण होतं. तिच्या दोन सोयरिकी जमता जमता मोडल्या होत्या. पहिल्या वेळी मी मुलाला, अगदी आपुलकीने, केस गळतीवरचं एक तेल सुचवलं. (मला वाटलं, आम्ही दोघं एकाच वाटेवरचे प्रवासी. तो मात्र अजून स्वतःला घरीच समजत होता.) दुसऱ्या वेळी मुलाच्या आईने विचारलं, "पोरीले रांधता येते का?" मी वातावरण हलकं करायला पितृपक्षातल्या कावळ्याची गोष्ट सांगितली. पल्लवीने केलेल्या वड्याला कावळा शिवला, चोचीत धरला आणि परत आणून ठेवून गेला. सगळे खूप हसले. जाताना मुलाची आई हसत नव्हती.

तर आता तिसरं स्थळ आलं होतं. मुलाची लाखनीजवळ राईस मिल होती. पल्लवी आणि तो फोनवर बोलत होते, आणि मुलगा तिला मनापासून आवडला होता. पाहुणे एकोडीच्या मंडईला येणार आणि दुसऱ्या दिवशी बैठकीत पक्कं करणार, असं ठरलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते. दंडार नावाचं नाच-गाण्यांचं लोकनाट्य असतं, शिंगाड्यांचे ढीग असतात, जिलब्या असतात आणि घरोघरी पाहुणे असतात. पण मंडईचं खरं काम वेगळंच. लोक जिलबी खाता खाता मुली बघतात, मुलं बघतात, घरं बघतात, आणि उन्हाळ्यातली लग्नं तिथेच ठरतात. अशा बैठकीत थोरल्या जावयाला मोठा मान. तो मुलीच्या बाजूने बोलतो.

पल्लवीची झोप कशाने उडाली असेल, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या तेव्हा आलं नव्हतं.

दिवाळीच्या आधी माझा घसा धरला. गिळताना काटे टोचावेत तसं व्हायचं, ताप चढला. डॉक्टरांनी तोंडात बघून टॉन्सिल सुजल्याचं सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी मध्येच बंद करायच्या नाहीत. सगळ्या संपवायच्या." मी होहो म्हणालो. तिसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला आणि गोळ्यांची पट्टी मी फ्रिजवर ठेवून दिली.

वर्षा म्हणाली, "अवो, कोर्स पूरा करा ना."

"बरं वाटून राहिलं मले. बऱ्या माणसानं कायले गोळ्या खाव?"

"डॉक्टर सांगून राहिले म्हणून."

"डॉक्टरले काय, ते सांगतेच." आणि मग मी तिला आपल्या देशात गोळ्या कशा जास्त खाल्ल्या जातात, यावर जेवण होईपर्यंत माहिती दिली.

टॉन्सिलमधल्या जंतूंनी हे सगळं भाषण आतून ऐकलं असावं. थोडे मेलेले, थोडे जखमी, पण उरलेले चांगले धडधाकट. त्यांनी दिवाळी आमच्याकडेच केली. मंडईच्या आदल्या दिवशी आम्ही भंडाऱ्याहून साकोलीच्या एसटीत बसलो तेव्हा घसा खवखवत होता. लाखनी येईपर्यंत आवाज घोगरा झाला. साकोलीला उतरलो तेव्हा कंडक्टरला मी काहीतरी म्हणालो आणि तोंडातून फक्त हवा आली.

एकोडीच्या अंगणात सासरे वाटच बघत होते. त्यांना मी मामाजी म्हणतो. दरवर्षी मी फाटकातूनच "राम राम मामाजी!" अशी आरोळी ठोकतो आणि मग चहा येईपर्यंत बसमधल्या सगळ्या प्रवाशांची हकिगत सांगतो. या वेळी मी हात जोडले, मान लववली आणि खाटेवर जाऊन बसलो.

मामाजी उभेच राहिले. "काहून जी जवाईबापू? तब्येत बरी आहे ना?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं. मामाजींच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांना वाटलं, आता गळ्याशी आलं असं मी म्हणतोय.

"त्यायचे टॉन्सिल सुजले, बाबा," वर्षा म्हणाली.

"टॉन्सिल?" आतून मामीजी, म्हणजे सासूबाई, पदराला हात पुसत आल्या. "वो माय! लेकराईले होतेत ते. एवढ्या मोठ्या जवायाले कायचे टॉन्सिल?"

"खरंच सुजले, आई."

मायलेकींचं बोलणं तिथेच थांबलं. पण मामीजींनी मामाजींकडे एक नजर टाकली, आणि त्या नजरेचा अर्थ मला कळला. पोरगी नवऱ्याचं झाकून राहिली.

मग जेवण आलं. माझ्या नावाचं मटण होतं, आयते होते. आयते म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ, जाळीदार घावन. ते मी एरवी मोजत नाही. त्या दिवशी एक घास गिळला आणि डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी ताट हळूच बाजूला सारलं. घरातल्या भांड्यांचा आवाजही बंद झाला. आमच्याकडे जावयाने मटणाचं ताट सारणं ही साधी गोष्ट नाही. भाऊबंद एवढ्यावरून वेगळे निघालेले आहेत.

"रुसले," मामीजी चुलीपाशी पुटपुटल्या.

मी घाईघाईने मोबाईल काढला आणि लिहिलं, 'मी रुसलो नाही. घसा सुजला आहे.' तो मामाजींपुढे धरला. मामाजींचा चष्मा तेव्हा जवळ नव्हता. माझा मेहुणा राकेश आला, त्याने वाचलं आणि तो गंभीर झाला.

"काय म्हणतेत?" मामाजींनी विचारलं.

"बाबा, लेखी देऊन राहिले आता."

"अरे बापा! बोलाचाली बंद केली?"

यापुढे मी जे जे लिहिलं, ते ते प्रकरण वाढवत गेलं. 'फक्त कोमट पाणी द्या' असं लिहिलं तर मामीजींना वाटलं, जावयाने या घरच्या अन्नाला हात लावायचा नाही असं ठरवलंय. शेवटी मी मोबाईल खिशात घातला आणि भिंतीला टेकून गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतका वेळ गप्प बसलो होतो, आणि मला माहीत नव्हतं की गप्प माणसापुढे लोक येऊन बसतात आणि बोलायला लागतात. आधी मामाजी आले. घसा खाकरला.

"जवाईबापू, चिन्नोरच्या पोत्याचं मनावर घेतलं का तुमी?"

चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा वासाचा तांदूळ. दरवर्षी एक पोतं आम्हाला जातं. मी काहीच म्हणालो नाही. (काय म्हणणार होतो?)

"मागच्या साली पोत्यात खाली साधा तांदूळ होता. वरतं चिन्नोर. पाणी कमी पडलं जी, धान कमी झाले. म्या वर्षालेही नाही सांगतलं. यंदा पूरं पोतं देतो."

वर्षभर तो तांदूळ आम्ही वास घेत घेत खाल्ला होता. शेजाऱ्यांनाही वाटीभर दिला होता! मी मामाजींकडे बघितलं. त्यांना माझ्या नजरेत काय दिसलं कोण जाणे, ते म्हणाले, "बरं, दीड देतो," आणि उठून गेले.

मग राकेश आला. मागच्या खेपेला माझ्या मोटरसायकलचा आरसा फुटला होता, तो कुत्र्यामुळे नव्हता. तोच ती घेऊन नागझिऱ्याच्या बाजूला मित्रांसोबत गेला होता आणि सागाच्या झाडाला घासला होता. मग मामीजी आल्या आणि म्हणाल्या की गेल्या वर्षी मला दिलेला सफारीचा कपडा त्यांना कोणीतरी आहेरात दिलेला होता. तो ज्याने दिला त्यालाही तो आहेरातच आला होता. मी नुसती मान हलवत होतो. संध्याकाळपर्यंत मला या घराबद्दल जेवढं कळलं, तेवढं पंधरा-सोळा वर्षांत बोलून कळलं नव्हतं.

इतक्यात शेजारच्या भागरताबाई आल्या. म्हातारी हाडाने काटक. गावातल्या दोन पिढ्यांच्या पडजिभा त्यांनी अंगठ्याने वर उचललेल्या.

"टॉन्सिल-गिन्सिल काई नाही," त्यांनी लांबूनच निकाल दिला. "पडजीभ उतरली जवायाची. एका अंगठ्यात वरतं करून देते. आ करा जी."

मी जोरजोराने मान हलवली. राकेशने मला मागून धरलं. (मला आधार देतोय असं समजून धरलं, हे तो आजही शपथेवर सांगतो.) भागरताबाईंनी अंगठा हळद-मिठात बुडवला आणि तो थेट माझ्या सुजलेल्या टॉन्सिलवर नेऊन टेकवला. त्यानंतर जे झालं, ते माझ्या हातून झालं नाही, दातांकडून झालं.

"माय वोऽऽ! चावला वो, जवाई चावला!"

आरोळी अंगणाबाहेर गेली. अंगणाबाहेर उद्याच्या मंडईची दुकानं लागत होती. फुगेवाल्याने ऐकलं, शिंगाडेवालीने ऐकलं, दंडारीच्या लोकांनी ऐकलं. अंधार पडायच्या आत गावभर झालं की रुसलेला जावई चावायला लागलाय. शिंगाडेवाली लाखनीकडचीच होती. उद्या येणारे पाहुणेही लाखनीकडचेच!

पल्लवी दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला एकदम कसंतरी झालं. आत्तापर्यंत सगळं गमतीचं होतं. दोन दिवस दुखेल, बरं होईल. पण ती पोरगी दाराची चौकट धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की तिसरं स्थळही चाललं. तेही मी तोंड न उघडता. (बरं, उघडलं होतं. पण बोलायला नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच पुढाकार घेतला. "बाबा, भाऊजीले साकोलीले दवाखान्यात नेऊन राहिली मी. तुमीबी चाला. तुमच्या डोळ्यानं पाहा."

साकोलीचे डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी टॉर्च घेतला, जीभ दाबली, मानेखालच्या गाठी चाचपल्या, खोकला आहे का विचारलं. मग मामाजींना हाताने जवळ बोलावलं. "या, बघा."

मामाजी वाकले. चष्मा लावला. माझ्या घशात त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"अरे बापा! दोन आवळे अडकले जी!"

"आवळे नाहीत, टॉन्सिलच आहेत. आणि वर पांढरे ठिपके दिसतात ना, तो पू आहे."

"पण डॉक्टरसाहेब, हे त लेकराईले..."

"मुलांना जास्त होतं. मोठ्यांनाही होतं. टॉन्सिल दारावरच्या राखणदारासारखे असतात, तोंडातून आत जाणारे जंतू अडवतात. कधी कधी राखणदारच मार खातो." मग ते माझ्याकडे वळले. "कधी कधी हे साध्या सर्दीच्या विषाणूने होतं, तेव्हा मीठ-पाण्याच्या गुळण्या आणि आराम पुरतो. तुमचं तसं नाही, गोळ्या लागतील. आधी घेतल्या होत्या का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"पूर्ण घेतल्या?"

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर एक बस वळत होती.

"म्हणजे नाही," डॉक्टर म्हणाले. "या वेळी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायच्या. गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी, मऊ भात. आणि उद्यापर्यंत बोलणं कमी." त्यांनी क्षणभर थांबून विचारलं, "तुम्ही जास्त बोलता का?"

"नाई नाई," मामाजी म्हणाले. जावयाची अब्रू ती आपली.

मामाजी औषधाच्या दुकानात गेले. मी आणि पल्लवी बाहेर बाकावर बसलो. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"भाऊजी, एक सांगायचं होतं. रागावू नका."

मी आता या वाक्याला सरावलो होतो. हिचा काय तांदूळ, हिचा काय आरसा, अशा बेताने मी तिच्याकडे बघितलं.

"मीच मातामायले नवस बोलली होती."

मातामाय म्हणजे गावाची देवी. एकोडीत तळ्याच्या पाळीवर निंबाखाली तिचं ठाणं आहे.

"म्हटलं, माय, बैठकीच्या दिवशी भाऊजीचा आवाज बसू दे. फक्त एकच दिवस. नारळ देते म्हटलं." ओढणीचं टोक तिने डोळ्यांना लावलं. "मले काय मालूम का ते एवढं मनावर घेईन? तुमाले ताप चढला, पू झाला, तुमी भागरताबुढीले चावले... माझ्याच्यानं झालं जी हे सगळं."

मला हसू आलं, पण हसलो तर घसा दुखला. आणि मग थोडं वाईटही वाटलं. थोडं नाही, बरंच वाटलं. या पोरीला मी तिच्या परकर-पोलक्यापासून पाहिलेलं. तिला सायकल मी शिकवली. आपण बोललो की घरात उजेड पडतो असं मी समजत होतो, आणि ही देवीपुढे हात जोडून म्हणत होती, माय, याला गप्प कर. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोबाईलवर लिहिलं, 'देवीने नाही. मी गोळ्या अर्ध्या टाकल्या म्हणून झालं.'

तिने वाचलं. नाक पुसत म्हणाली, "म्हणजे नारळ द्याव लागन का नाही?"

घरी आल्यावर मामाजींनी सगळ्यांना सांगितलं, "आहेत! खरोखरचे आहेत! म्या पाहिले." मग घरच्यांनी रांग लावली. मोबाईलचा उजेड पाडून एकेकाने माझ्या तोंडात डोकावलं. मामीजी "वो माय वो" म्हणून दोनदा बघून गेल्या. मंडईला शेजाऱ्यांकडे आलेले पाहुणेसुद्धा दंडार सोडून आमच्या अंगणात आले. भागरताबाईंनीही बघितलं, पण लांबूनच, हात पाठीमागे ठेवून. एकदा मी रुसलेलो नाही हे सिद्ध झाल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि ओसरीवर माझ्या नावाने काढून ठेवलेलं चिन्नोरचं दीड पोतं मामाजींनी हळूच आत नेलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी उठलो. ताप नव्हता. थुंकी गिळून बघितली, गिळली गेली. परसात म्हैस रवंथ करत उभी होती. आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी तिला म्हणालो, "राम राम."

आवाज आला! घोगरा, पण माझाच. म्हशीने मान वळवून बघितलं. मला इतका आनंद झाला की तिला मी टॉन्सिल, जंतू आणि अर्धवट गोळ्यांचे तोटे हे सगळं थोडक्यात समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कारण बांधलेली होती.

मग मी गुळण्या करायला बसलो आणि विचार केला. आवाज तर आला. बैठकीत थोरल्या जावयाचा मान माझा. पण बाकावर बसलेली पल्लवी काही केल्या डोळ्यांपुढून जाईना. तिने देवीकडे एकच दिवस मागितला होता. म्हटलं, देवी देईल न देईल, हा दिवस आपण देऊ.

दुपारी पाहुणे आले. मुलगा साधा, हसरा. त्याचे आईवडील समंजस. पण सूत्रं मुलाच्या मामाच्या हातात होती. मामा म्हणजे... कसं सांगू? मामा म्हणजे मी. माझ्यासारखाच माणूस, फक्त घसा शाबूत असलेला. बसल्या बसल्या त्यांनी पाऊस, धान, सरकार आणि जिलबीतली साखर या सगळ्यांचा निकाल लावला. मग माझ्याकडे वळले.

"थोरले जवाई काहून गप्प जी?"

"घसा बसला त्यायचा. टॉन्सिल," मामाजी म्हणाले.

"टॉन्सिल का? काई नाही जी! गोळ्या दोन रोज खाव, बरं वाटलं का फेकून द्याव. कोर्स-फिर्स हे दवाईवाल्याईचे धंदे आहेत!"

दहा दिवसांपूर्वीचं माझंच वाक्य, आणि त्यावरचं जगातलं सगळ्यात चांगलं उत्तर माझ्या जिभेवर तयार! दाराआडून पल्लवी बघत होती. मी कोमट पाण्याचा घोट घेतला.

"कुठं आहेत कामाले? जवाहरनगरच्या फॅक्टरीत? मंग काय, मजाच! बसनं जा, च्या प्या, बसनं या!"

मी मांडीखालची सतरंजी मुठीत धरली. वर्षाने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. (पुढे तिने सांगितलं की ती मनातल्या मनात मातामायचंच नाव घेत होती.) मी आणखी एक घोट घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आणि हो," मामांनी आवाज खाली आणला, "शिंगाडेवाली सांगून राहिली होती, या गावात कोणी जवाई चावला म्हणे कोणाले?"

नेमक्या त्याच वेळी चहाचा ट्रे घेऊन भागरताबाई आत आल्या. उजव्या अंगठ्याला ही मोठी पांढरी चिंधी!

मामांनी अंगठा बघितला. "काय झालं जी बाई?"

भागरताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराआडच्या पल्लवीकडे पाहिलं. ट्रे खाली ठेवला.

"कुत्रं चावलं," त्या म्हणाल्या. "दिसते गरीब. भरोसा नाही."

मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. मामांनी माझ्या ओल्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्यांचा सूर एकदम मऊ झाला. "पाहा जी, एका म्हातारीचं बोट दुखते त या माणसाच्या डोळ्यात पाणी! आणि म्या एवढं बोललो, एका शब्दानं तोडलं नाही. असे ऐकणारे माणसं आता राहिले कुठं? ज्या घरचा जवाई इतका शांत, त्या घरी पोरगा डोळे मिटून द्याव. पक्कं समजा जी!"

मामीजींनी साखर वाटली. माझ्या वाट्याची साखर द्यायला पल्लवी स्वतः आली, वाकून नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "सकाळी म्हशीसंग बोलून राहिले होते. ऐकलं मी."

मी साखर तोंडात टाकली. बोलायचं असतं तरी त्या वेळी आवाज फुटला नसता, आणि त्याचा टॉन्सिलशी संबंध नव्हता.

उन्हाळ्यात लग्न झालं. सासरी निघण्याआधी पल्लवीने नवस फेडायचा हट्ट धरला. मी सांगून बघितलं की शास्त्रीयदृष्ट्या हा नारळ माझ्या अर्धवट गोळ्यांना द्यायला हवा. कोणी ऐकलं नाही. तळ्याच्या पाळीवर निंबाखाली सगळे गेलो, नारळ मलाच फोडायला लावला. फोडून वळतो तर मामीजी पिशवीतून दुसरा नारळ काढून देवीपुढे ठेवत होत्या.

"हा कायचा जी, मामीजी?"

मामीजी पदर सावरत दुसरीकडे बघायला लागल्या. शेवटी वर्षाच म्हणाली, "राकेशसाठी यंदा पोरगी पाहाची आहे ना मंडईत."

ती मंडई आता पुढच्या आठवड्यात आहे. गोळ्यांचा कोर्स मी तेव्हाच शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण केला होता, रोज गुळण्या करतो, माझा घसा अगदी ठणठणीत आहे. घरात सगळे काळजीत आहेत.